हळद लावलेला हात

उकंडराव हे नाव ऐकलं की शहरातली माणसं गालात हसतात आणि मला त्यांचा मनस्वी राग येतो. हसायचंच असेल तर आधी त्याच्या आईला, तुळसाबाईला, विचारा. तिची तीन पोरं वर्षाच्या आत गेली. चौथं झालं तेव्हा तिनं त्याला सुपात घातलं आणि सकाळच्या उन्हात उकिरड्यावर नेऊन ठेवलं. ठरल्याप्रमाणे शेजारीण आली, 'कोनाचं गा हे टाकलेलं पोट्टं?' असं मोठ्यानं म्हणाली, पोर उचललं आणि पसाभर ज्वारी घेऊन तुळसाबाईलाच परत दिलं. टाकून दिलेल्या वस्तूकडे मरणसुद्धा ढुंकून पाहत नाही, असं रिठद गावात सगळे मानतात. पोर जगलं. नाव पडलं उकंडराव.

एवढ्यानंही तिचा जीव शांत झाला नाही. तो पाच वर्षांचा झाल्यावर तिनं त्याच्या उजव्या मनगटाच्या वर मारुती गोंदवून घेतला. बापानं मांडीवर घेऊन लेकराला घट्ट धरायचं आणि गोंदणारणीनं टोचायचं, ही त्यांच्या घरची रीत. त्या मारुतीची शेपटी कोपरापर्यंत गेली होती आणि तोंड जरा वाकडं झालं होतं, कारण उकंडरावानं तेव्हाच हात झटकला होता. तुळसाबाई मला म्हणायची, "गुरुजी, मेल्यावर सोनं-नानं, कपडा, समदं अथीच राह्यते. गोंदन तेवढं संगं येते. देव तेच पाहून मानसाले ओयखते."

मी १९५५ साली रिठदच्या शाळेवर मास्तर म्हणून आलो. मूळचा मी मंगरूळपीरचा. तेव्हा रिठदचं वाशीम हा अकोला जिल्ह्यातला तालुका होता आणि आम्ही सगळे मध्य प्रदेशात होतो. पुढच्या वर्षी आम्हाला उचलून मुंबई राज्यात टाकलं. शाळेची पाटी तेवढी बदलली, गळकं छप्पर तेच राहिलं. तुळसाबाईच्या घराला लागून एक खोली होती, ती मला राहायला मिळाली. उकंडराव त्याच वर्षी पलटणीतून नाव कमी करून घरी आला होता. बाप वारला होता आणि वावर बघायला कोणी नव्हतं. त्याची बायको सोजरबाई आणि तीन वर्षांची मुलगी गोमती त्याला पाहून दाराआड लपल्या होत्या, असं तो स्वतःच हसत सांगायचा. माणूस आडवातिडवा, हाताचे पंजे फावड्याएवढे आणि आवाज मात्र बारीक.

गावानं त्याला लगेच 'चीनवाला' करून टाकलं. तो चीनला गेला नव्हता, कोरियाला गेला होता. पण गावाला हे समजावून सांगायला मी दोन वर्षं घालवली आणि मग नाद सोडला. मारुतीच्या पारावर दुपारी चार माणसं जमली, की कोणीतरी म्हणायचं, "हं उकंडराव, सांग पाह्यजो तुई ते लढाई." आणि तो सांगायचा.

"लढाई म्या पाह्यलीच नाई," तो सुरुवात करायचा. "आमी गेलो तवा बंदुका थांबल्या होत्या. भावाभावाचं भांडन होतं ते. धुऱ्यावरून, वावराच्या बांधावरून. एक भाऊ वर राह्यते, एक खाली. मंग दोघायचेबी पाव्हने आले बंदुका-तोफा घेऊन. तीन वर्स धुनधुन कुटलं एकमेकाले. आखरीले धुरा जथचा तथीच राह्यला, घरं तेवढी गेली."

मी वर्तमानपत्रं वाचणारा माणूस. पण कोरियाच्या यादवीचं इतकं नेमकं वर्णन मी कुठंच वाचलं नाही, हे मला कबूल करावं लागेल.

पुढची गोष्ट अशी. बंदुका थांबल्यावर कैद्यांचा प्रश्न उरला. बावीस हजारांवर कैदी असे होते, की ते आपल्या देशात परत जायला नाही म्हणत होते. त्यात चिनी होते, उत्तरेकडचे कोरियन होते. ते मनापासून नाही म्हणत होते, की त्यांच्याकडून कोणी म्हणवून घेत होतं, यावर दोन्ही बाजूंचं जमेना. मग दोघांनाही थोडाफार पटेल असा तिसरा माणूस शोधला. तो म्हणजे आपण. सन त्रेपन्नच्या भादव्यात आपली पलटण बोटीतून तिकडं गेली. दक्षिणेचं सरकार म्हणालं, आमच्या भुईवर पाय ठेवायचा नाही. म्हणून बोटीवरून उचलून डोक्यावर पंखा फिरणाऱ्या विमानांतून यांना दोन्ही फौजांच्या मधल्या पट्ट्यात नेऊन उतरवलं. तिथं तारेची कुंपणं, कुंपणांत तंबू आणि तंबूंत कैदी. आपल्या छावणीला नाव दिलं होतं हिंदनगर.

"आमी लढाले नाई गेलतो," उकंडराव म्हणायचा. "राखन कराले गेलतो. वावरावानी. फरक एवढाच का इथं ढोर आत शिरू नये म्हनून बसतो, तथी मानूस मानसाले खाऊ नये म्हनून बसलो."

हुकूम असा होता: हात उगारायचा नाही, अगदी नाइलाज झाल्याशिवाय गोळी चालवायची नाही. आणि ज्या कैद्याला घरी जायचं असेल तो फाटकाशी आला, की त्याला तिथल्या तिथं धरून बाहेर काढायचं, कारण पुन्हा आत सोडला तर आतले त्याला जिवंत ठेवायचे नाहीत. प्रत्येक कुंपणात कैद्यांचेच मुखिये झाले होते. कोण काय बोलतो, कोण कुठं बघतो, यावर त्यांची माणसं डोळा ठेवून असत.

मग समजावणीचे तंबू लागले. एकेका कैद्याला आत आणायचं. त्याच्या देशाचा अंमलदार त्याला समजावून सांगणार, की बाबा घरी चल. बाकीच्या देशांचे साहेब नुसते ऐकणार. तंबूला दोन दारं. एका दारानं गेला तो घरी गेला, दुसऱ्या दारानं गेला तो घराला कायमचा मुकला. कैदी आरडाओरडा करायचे, स्टुलं फेकायचे, समजावणाऱ्याच्या अंगावर थुंकायचे. म्हणून दोन्ही बाजूंनी दोघांनी त्यांचे दंड धरून ठेवायचे. उकंडरावाचे पंजे बघून सुभेदारानं त्याला त्या कामावर घेतलं. "दिसभर मानसं धरत होतो गुरुजी," तो सांगायचा. "कोनाचा दंड कसा थरथरते ते मले हातालेच समजे. तोंडानं शिव्या देऊन राह्यला, पन दंड सांगे का याले माय आठवून राह्यली."

बाकीच्या दिवशी तो एका चिनी कुंपणाच्या शिध्याच्या फाटकावर उभा असायचा. आतून आठ-दहा कैद्यांची टोळी यायची आणि तांदळाची पोती खांद्यावर घेऊन जायची. त्या टोळीत एक जण होता, पंचविशीतला, बारीक अंगाचा, पुढचा एक दात पडलेला. शेतकरी. शेतकरी कशावरून, तर पोतं उचलायच्या आधी तो भोकातून चार दाणे काढून दाताखाली फोडून बघायचा. उकंडराव त्याच्यावर तिथंच लुब्ध झाला. त्याच्या हातात कायम एक चपटा दगड असायचा, म्हणून उकंडरावानं त्याचं नाव ठेवलं धोंड्या. आमच्याकडे धोंड्या हेही पोर जगावं म्हणूनच ठेवलेलं नाव असतं.

या धोंड्याच्या उजव्या हातावर, बरोबर उकंडरावाचा मारुती होता त्याच जागी, निळी अक्षरं गोंदलेली होती. उभी ओळ, मनगटापासून वर.

उकंडरावानं ती पाहिली आणि त्याला गहिवरून आलं. एवढ्या लांब, बर्फाच्या मुलखात, भाषा नाही, देव माहीत नाही, आणि हातावर गोंदण! त्यानं बाही वर करून आपला मारुती दाखवला. धोंड्या बघतच राहिला. मग त्यानं इकडंतिकडं पाहून आपला हात पुढं केला, अक्षरांवर बोट ठेवलं आणि त्या चपट्या दगडानं अक्षरं घासून दाखवली. उकंडराव काय समजला? सणाला आपण देवाचे टाक घासूनपुसून लख्ख करतो, तसाच हा देवाचं नाव उजळून राहिला. उकंडरावानं दोन बोटं त्या अक्षरांना लावून कपाळाला लावली.

हे रोज चाललं. धोंड्या टोळीत मागं राहायचा, हात दाखवायचा, दगडानं घासायचा आणि हनुवटीनं उत्तरेकडच्या डोंगराकडे खूण करायचा. उकंडराव डोंगराकडे बघून हात जोडायचा. आमच्याकडे देव डोंगरावर असतो, त्याचाही तिकडंच असणार. पारावर हे सांगताना तो डोंगराला हात जोडून दाखवायचा आणि पोरंसोरं खो खो हसायची. मीही हसलोय. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

दिवाळी झाली, थंडी अंगात शिरू लागली. धोंड्याचा हात घासून घासून सोलून निघाला. लस यायला लागली. उकंडरावाला वाटलं, नवं गोंदण आहे, खाजतंय, चिघळतंय. नव्या गोंदणाला काय लावतात हे रिठदचं शेंबडं पोरही सांगेल. हळद आणि तेल. त्यानं जखम बसते आणि रंग पक्का होतो. त्यानं लंगरमधून चिमूट चिमूट हळद मागून घेतली, बूटपॉलिशची रिकामी डबी राखेनं घासून स्वच्छ केली, तीत तेलात हळद कालवली आणि दुसऱ्या दिवशी शिध्याच्या वेळी फाटकावर सगळ्यांच्या देखत धोंड्याचा हात हातात घेऊन आपल्या हातानं ती लावली. मनगटापासून कोपरापर्यंत, आई लावते तशी.

"त्यानं हात मांगं नाई घेतला," उकंडराव सांगायचा. "माया तोंडाकडे पाहून राह्यला. डोयाले पानी आलं त्याच्या. म्या म्हनलं, रडू नोको लेका, आता कसं पक्कं बसते पाह्य."

त्यानंतर दोन दिवस धोंड्या टोळीत आला नाही. तिसऱ्या सकाळी शिध्याच्या वेळेला तो फाटकाशीच आतल्या बाजूला पडलेला होता. गळ्याभोवती दोरीचा वळ. हात पिवळाधमक. आणि त्या पिवळ्या कातडीवर ती सगळी अक्षरं पहिल्यापेक्षा ठळक उमटलेली. त्या कुंपणाची समजावणीच्या तंबूत जायची पाळी आठ दिवसांवर होती. साहेब लोकांनी चौकशी केली. आत कोणी काही बोललं नाही.

पारावरची गोष्ट तिथं संपायची. उकंडराव म्हणायचा, "काहून मारलं त्याले, देव जाने. त्यायच्यात त्यायच्यात काई असन. पन एक बरं झालं गुरुजी. देवाचं नाव कसं काळंभोर बसलं होतं हातावर, हयदीनं. तेवढं तरी संगं गेलं." तुळसाबाई नागपंचमीला, दिवाळीला देवापुढं एक जास्तीची पणती लावायची. ती त्या चिन्याची. कोणी हसलं तर म्हणायची, "त्यालेबी कोनी माय होती."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. आता माझा शहाणपणा ऐका.

सत्तावन्न सालच्या दसऱ्याच्या सुट्टीत मी मंगरूळपीरला गेलो होतो. तिथं एका वकिलाच्या घरून जुन्या मासिकांचा गठ्ठा मिळाला. मुलांच्या पुस्तकांना कव्हरं घालायला म्हणून आणला आणि वाचत बसलो. त्यात एक लेख कोरियातल्या कैद्यांवर होता. लिहिलं होतं, की काही छावण्यांत मुखियांनी कैद्यांच्या अंगावर त्यांच्याच देशाच्या सरकारविरुद्ध घोषणा गोंदवल्या. कित्येकांना धरून, जबरदस्तीनं. अशी अक्षरं अंगावर घेऊन कोणी घरी जाऊ धजणार नाही, गेलाच तर तिथं त्याची खैर नाही. परतीची वाटच बंद. कोणी घरी जायचं नाव काढलं, तर मुखिये आधी त्याच्या अंगावरची अक्षरं शाबूत आहेत का ते बघत.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कोणत्याही मास्तराला असा प्रकाश पडला, की तो दुसऱ्याच्या डोळ्यांत मारल्याशिवाय चैन पडत नाही. रिठदला परत आलो त्याच दिवशी मी मासिक काखेत मारून उकंडरावाच्या वावरात गेलो. तो पऱ्हाटीतला पहिला वेचा गोळा करत होता. मी बांधावर बसून त्याला तो लेख मोठ्यानं वाचून दाखवला. दोन जागी तर खणखणीत आवाजात. मला वाटलं, तो म्हणेल, वा गुरुजी, काय शोधून काढलं!

कमरेच्या ओटीतला कापूस त्यानं एका हातानं दाबून धरला होता. तो म्हणाला, "म्हंजे ते देवाचं नाव नव्हतं."

"नव्हतं," मी म्हणालो.

"मंग तो घासून काहून राह्यला होता?"

मला उत्तर माहीत होतं आणि तरी मी ते दिलं. "पुसून टाकत होता उकंडराव. त्याला घरी जायचं होतं. तुला तेच सांगत होता."

तो खाली बसला. पऱ्हाटीच्या दोन ओळींमध्ये, ढेकळांवर. "डोंगराच्या अंगानं दाखवे तो," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "तिकडं त्याचं घर होतं. म्या हात जोडत होतो." मग स्वतःच्या पंजाकडे बघत म्हणाला, "हवालदार रोज सांगे, जो कोनी जाले तयार असन त्याले फाटकावरच धरा अन् भाईर काढा. धरायचं होतं फक्त. माया हातात होता ना त्याचा हात. म्या धरला होता गुरुजी. हयद लावली अन् सोडून देल्ला."

मी म्हणालो, "तुला काय माहीत? तुझा काय दोष?" असली वाक्यं तोंडात तयारच असतात.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. अशी नजर मी दुसऱ्या कोणाची पाहिली नाही आणि पाहायची इच्छाही नाही. "हयद," तो म्हणाला. "थंड पान्यानं जात नाई. तथी ऊन पानी कुठचं? समद्याइनं पाह्यली असन. हात सोललेला, अन् त्याच्यावर आमच्या लंगरची हयद. म्यानंच दाखवून देल्लं त्यायले का हा पुसून राह्यला म्हनून." आणि मग, अगदी हळू, "ते अक्षरं काळेभोर कसे झालते आता समजलं. मारायच्या आंधी पुन्यांदा टोचले त्यायनं."

मी उठलो. मासिक तिथंच बांधावर विसरून आलो. दुसऱ्या दिवशी आणायला गेलो तर दवानं भिजून त्याचा लगदा झाला होता.

त्या दिवसापासून उकंडराव पारावर आला नाही. कोणी 'चीनवाला' म्हणून हाक मारली तरी मान वर करायचा नाही. चार दिवसांनी सोजरबाई शाळेच्या ओसरीशी येऊन उभी राहिली. पदर दातात धरून म्हणाली, "गुरुजी, काय सांगतलं तुमी त्यायले? वरनाचं ताट सरकावून देतेत. हयदीचं नोको म्हनतेत. मंग बिनहयदीचं कोन शिजवते घरात? सासूबाई म्हनतेत, कोनी करनी केली."

करणी केली होतीच. कोणी केली ते मी तिला सांगू शकलो नाही. भित्राच आहे मी, शब्दांचा तेवढा शूर.

मार्गशीर्षात केनवडच्या बाजाराहून गोंदणारीण आली. जमनाबाई तिचं नाव. दरवर्षी हिवाळ्यात यायची, कारण थंडीत जखम चिघळत नाही. गोमती पाचची झाली होती. तुळसाबाईनं कधीचं ठरवून ठेवलं होतं: हातावर तुळशीवृंदावन, कपाळावर एक ठिपका. ज्या बाईच्या हातावर गोंदण नाही, तिच्या हातचं पाणी सासरी कोणी घेत नाही, असं तिचं म्हणणं. रविवार होता. अंगणात ऊन आलं होतं. चार बायका जमल्या होत्या. मी माझ्या खोलीच्या दारात वह्या तपासत बसलो होतो, म्हणजे तसं दाखवत होतो.

जमनाबाईनं काजळ कालवलं, सुया दोऱ्यानं बांधल्या. तुळसाबाईनं वाटीत तेल-हळद तयार ठेवली. सोजरबाईनं गोमतीला आणलं. पोरगी आधी गंमत म्हणून आली आणि सुया पाहिल्यावर तिनं भोकाड पसरलं.

"बापाले बोलवा," तुळसाबाई म्हणाली. "मांडीवर घेऊन धरू दे. याच्या बापानं यालेबी असंच धरलं होतं."

उकंडराव गोठ्यातून आला. त्यानं वाटीकडे पाहिलं आणि क्षणभर थबकला. मला वाटलं, आता हा परत जाईल. पण आईच्या शब्दाबाहेर तो कधी गेला नव्हता. तो बसला, गोमतीला मांडीवर घेतलं, डाव्या हातानं तिचं पोट आवळलं आणि उजव्या पंजात तिचं मनगट धरलं. पोरीचा अख्खा हात त्या पंजात हरवून गेला. बायका तिला हसवायला काहीबाही बोलत होत्या. जमनाबाईनं पहिला ठिपका टोचला. पोर किंचाळली. जमनाबाईची टकळी चालूच होती, हजार अंगणांत म्हटलेली: "रडू नोको माये, नवरा देईन पैठनी, हे पाह्य, हे जल्मभर जाच नाई, घास घास घास तरी कोनाच्या बापाच्यानंबी पुसल्या जात नाई..."

दुसरा ठिपका झाला.

गोमतीनं दुसरा हात सोडवून घेतला आणि त्या दोन ठिपक्यांवर तळवा घासायला लागली. घासायची आणि बापाच्या तोंडाकडे बघायची. बोलत काही नव्हती. रडायचीही थांबली होती. नुसती घासत होती आणि बघत होती.

उकंडरावानं पंजा उघडला.

"धर ना गा!" तुळसाबाई ओरडली. "झालंच असं आता!"

"नाई," तो म्हणाला. त्याचा बारीक आवाज सगळ्या अंगणाला ऐकू गेला. "ते नाई म्हनून राह्यली."

"लेकरू हाये ते, लेकरू नाईच म्हनते! तूबी म्हनत होता!"

"व्हय. म्याबी म्हनत होतो."

तो पोरीला उचलून रांजणाकडे गेला. गडव्यामागून गडवा पाणी तिच्या हातावर ओतू लागला, अंगठ्यानं ते दोन ठिपके चोळू लागला. काजळ ओलंच होतं. तुळसाबाई हळदीची वाटी घेऊन मागं धावली, की निदान जखमेवर लाव, पोरीचा हात सुजेल. त्यानं वळून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "माय, हयद नोको. तुह्या पाया पडतो, हयद नोको लावू." आपल्या आईपुढं इतका मोठा माणूस लहान लेकरासारखा रडताना मी पाहिला. बायका एकेक करून उठून गेल्या. जमनाबाईनं सुया पुसल्या आणि कोणाला काही न विचारता पिशवी आवरली.

किती वेळ तो पाणी ओतत होता कोण जाणे. सोजरबाईनं शेवटी त्याच्या हातातून गडवा काढून घेतला. एक ठिपका फिका होत होत जवळजवळ गेला होता. दुसरा होता तिथंच होता, मोहरीएवढा, निळा.

तुळसाबाई ओट्यावर बसून होती. वाटी मांडीत. तिचा राग ओसरला होता आणि नुसती भीती उरली होती. तीन पोरं गमावलेल्या बाईची भीती. "अरे बापा," ती म्हणाली, "मेल्यावर देवापुढं उभी राह्यली, तर काय दाखवीन हे पोट्टी?"

उकंडरावानं गोमतीचा ओला हात आपल्या धोतराच्या सोग्यानं टिपला. त्याचा स्वतःचा हात तिच्या हाताशेजारी होता, वाकड्या तोंडाचा तो मारुती घेऊन.

"एक ठिपका दाखवीन," तो म्हणाला. "सांगीन, माया बापाले समजाले एवढा उशीर लागला."